गॅस ॲनालायझर चुकतोय की चिमणी? विद्युत आणि सेन्सर बिघाडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतल्या फौंड्र्या, कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखाने, इचलकरंजीची प्रोसेस हाउसेस. इथल्या इन्स्ट्रुमेंट आणि बॉयलर विभागांतून धुरातले वायू मोजणाऱ्या गॅस ॲनालायझरविषयी तेच ते प्रश्न येत राहतात, ते इथे एका जागी केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्नांचा शेवट एकाच वाक्याने होतो: "सेन्सर बदलायचा का?" बहुतेक वेळा उत्तर असतं, एवढ्यात नको. आधी वीज, मग अर्थिंग, मग वायर, मग गॅसची नळी आणि सगळं निर्दोष निघालं तर सेन्सर. खालची उत्तरं याच क्रमाने विचार करतात.

१. आमच्याकडे कुठल्या प्रकारचा ॲनालायझर आहे, हे बिघाड शोधताना एवढं महत्त्वाचं का?

कारण एकच लक्षण दोन यंत्रांत वेगळ्या गोष्टी सांगतं. डक्टमध्ये (धुराच्या मार्गात) थेट घुसवलेला, आत हीटर असलेला प्रोब (मोजणारी दांडी) म्हणजे झिरकोनिया, त्या नावाच्या सिरॅमिकची सेल असलेला. तो फक्त ऑक्सिजन मोजतो. पंपाने गॅस ओढून, गाळून, थंड करून कॅबिनेटमध्ये मोजणारं यंत्र असेल तर त्यात सीओ (कार्बन मोनॉक्साइड), सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि एसओटू (सल्फर डायऑक्साइड) यांसाठी बहुधा इन्फ्रारेड बेंच (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा भाग) आणि ऑक्सिजनसाठी पॅरामॅग्नेटिक (चुंबकीय गुणावर चालणारी) किंवा इलेक्ट्रोकेमिकल (रासायनिक क्रियेने वीज तयार करणारी) सेल असते. हातात धरून चिमणीच्या भोकात नळी घालायचा पोर्टेबल असेल तर आत शक्यतो इलेक्ट्रोकेमिकल सेलच. झिरकोनियाची तार तुटली तर ऑक्सिजन हवेइतका दिसू शकतो. इलेक्ट्रोकेमिकल ऑक्सिजन सेलची तार तुटली तर तो शून्य दिसतो. प्रकार माहीत नसेल तर माणूस उलट्या दिशेने शोधत बसतो.

२. हात लावण्याआधी काय काय बंद करायचं?

पुरवठा बंद करून कुलूप आणि टॅग. हीटरचा पुरवठा पुष्कळदा वेगळ्या एमसीबीवरून (छोट्या सर्किट ब्रेकरवरून) येतो, त्यामुळे डिस्प्ले गेला म्हणजे वीज गेली असं समजू नका. टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. झिरकोनिया सेल सातशे-आठशे अंशांवर चालते, बाहेर काढलेला प्रोब बराच वेळ चटका देतो.

दुसरा धोका नाकाला कळत नाही. सीओला वास नसतो आणि १२०० पीपीएम (दहा लाखांत १२०० भाग) ही पातळी जिवाला तात्काळ धोकादायक मानली जाते. कपोलाच्या (लोखंड वितळवायच्या कोक-भट्टीच्या) गॅसमध्ये सीओ टक्क्यांत असतो, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. तिथे नळी सोडताना अंगावर सीओचा अलार्म लावलेला हवा आणि सोबत दुसरा माणूस हवा. शून्य तपासायला नायट्रोजनची टाकी लावून ॲनालायझर केबिनचं दार बंद करून बसणंही तितकंच वाईट. व्हेंट बाहेर काढा.

३. डिस्प्ले काळा आहे, पण टेस्टर लावला की लाइट लागते. मग यंत्र चालू का होत नाही?

टेस्टरचा दिवा फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल ढिला असेल तरी तो लागतो. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ही तिन्ही मापं घ्या, आणि तीही यंत्र जोडलेलं असताना. भाराविना २३० व्होल्ट दाखवणारी लाइन भार येताच कोसळते ती लूज लगमुळे (तारेच्या टोकावरच्या ढिल्या जोडामुळे) किंवा काळ्या पडलेल्या एमसीबीमुळे. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगवर किंवा न्यूट्रलवर संशय घ्या.

बाहेरचा पुरवठा ठीक असेल तर आतला २४ व्होल्टचा सप्लाय मोजा. तो नुसता टुकटुक आवाज करत चालू-बंद होत असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. पंप, सोलेनॉइड आणि पंखा यांचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याला काढल्यावर डिस्प्ले उजळतो, दोष तिथे. या तपासणीत सर्वाधिक वेळा पंप किंवा सोलेनॉइड सापडतो. मुख्य कार्ड क्वचित.

साखर कारखान्यात टर्बाइनवरून महावितरणच्या पुरवठ्यावर बदल करतानाचा झटका हे डिस्प्ले गोठण्याचं नेहमीचं कारण आहे. यूपीएस लावा, पण हीटर त्यावर टाकू नका. तो बॅटरी खाऊन टाकतो.

४. फ्यूज परत परत उडतो, आणि तोही पावसाळ्यात किंवा सीझनच्या सुरुवातीलाच. असं का?

ओल. हीटरमधलं खनिज इन्सुलेशन महिनोन् महिने थंड पडलं की हवेतला ओलावा शोषतं आणि गळती प्रवाह वाढतो. हीटरच्या दोन्ही तारा कार्डापासून सोडवा आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तार ते बॉडी असं बघा. कार्ड जोडलेलं ठेवून मेगर मारला तर कार्डच जातं, हे बजावून सांगावं लागतं.

मेगर कमी आला म्हणजे हीटर बाद असं नाही. व्हेरिॲकवरून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) कमी व्होल्टेज देऊन काही तास हळूहळू तापवा आणि पुन्हा मोजा. बहुधा वाचन चढतं. चढलंच नाही, तर हीटर बदला. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालून 'सीझन निघू दे' म्हणणारे भेटतात. मग फ्यूजऐवजी कार्ड उडतं.

५. 'टेम्परेचर लो' अलार्म जातच नाही. हीटर गेला का?

तीन संशयित आहेत: हीटर, थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), आणि हीटरला वीज देणारा ट्रायॅक किंवा एसएसआर (इलेक्ट्रॉनिक स्विच). हीटर तपासणं सोपं. तारा सोडवून ओहम मोजा आणि प्लेटवरच्या वॅटशी ताडून बघा: २३० व्होल्टला २०० वॅटचा हीटर साधारण २६५ ओहमचा असतो. ओपन दाखवला तर विषय संपला.

हीटर चांगला असेल तर थर्मोकपलकडे वळा. के प्रकारचा थर्मोकपल, सेल ७५० अंशांवर आणि टर्मिनल ३० अंशांवर असताना सुमारे ३० मिलिव्होल्ट देतो. तार तुटली तर चांगला कंट्रोलर ती ओळखतो आणि हीटर बंद करतो. घातक प्रकार वेगळा आहे: जंक्शन बॉक्समध्ये दोन तारा एकमेकींना टेकतात. मग कंट्रोलरला सेलचं नव्हे, जंक्शन बॉक्सचं तापमान दिसतं, 'अजून थंडच आहे' असं समजून तो हीटर पूर्ण दाबतो, आणि सेल जळते. डिस्प्लेवर चाळीस-पन्नास अंश आणि प्रोब हाताला भाजतोय, असं दिसलं की आधी वीज तोडा, विचार मागाहून.

तारा उलट्या जोडल्या असतील तर प्रोब तापेल तसं दाखवलेलं तापमान खाली जातं. हे लगेच कळतं. न कळणारी चूक म्हणजे कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंतची) दोन्ही टोकांना उलटी जोडणं. दोन उलट मिळून सुलट झालं असं वाटतं, पण तसं होत नाही. जंक्शन बॉक्स ६० अंशांवर आणि पॅनेल ३० वर असेल तर चूक या फरकाच्या दुप्पट, म्हणजे ६० अंशांची पडते आणि सेल त्या मानाने जास्त तापते. रंगांच्या पद्धती दोन आहेत, त्यामुळे रंगावर जाऊ नका: अमेरिकी पद्धतीत लाल तार ऋण असते. आपल्या वायरमनचा हात लाल दिसली की आपसूक धन टर्मिनलकडे जातो.

६. झिरकोनिया सतत २०.९ टक्के दाखवतो. बॉयलर तर चालू आहे!

या सेलला व्होल्टेज तयार करायला दोन बाजूंना ऑक्सिजनचा फरक लागतो. दोन्हीकडे हवा असेल तर शून्य मिलिव्होल्ट, आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे डिस्प्लेवर २०.९. म्हणून तुटलेली किंवा शॉर्ट झालेली सिग्नल वायरही 'भरपूर ऑक्सिजन' असंच वाचली जाऊ शकते. ७५० अंशांवर साधारण मापं अशी: १० टक्के ऑक्सिजनला १६, ५ टक्क्यांना ३२, २ टक्क्यांना ५२ आणि १ टक्क्याला ६७ मिलिव्होल्ट. तुमच्या प्रोबचं तापमान थोडं वेगळं असेल तर आकडे किंचित सरकतील, पण अंदाजाला एवढे पुरतात.

प्रोबच्याच टर्मिनलवर मिलिव्होल्ट मोजा. तिथे ३२ आणि कार्डावर शून्य, तर वायरचा दोष. तिथेही शून्य असेल तर कॅलिब्रेशन पोर्टमधून स्पॅन गॅस (प्रमाण ठाऊक असलेला टाकीतला गॅस) सोडा. गॅस सोडल्यावर रीडिंग बरोबर आलं, तर सेल धडधाकट आहे आणि तिच्यापर्यंत हवाच येतेय. आयडी फॅनच्या (धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याच्या) ओढीने फ्लँजच्या फाटक्या गॅस्केटमधून किंवा टोपी न लावलेल्या कॅलिब्रेशन पोर्टमधून हवा आत खेचली जाते. ही टोपी हरवण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे.

रीडिंग अगदी २०.९ नाही, पण हळूहळू वर सरकत असेल तर रेफरन्स हवेची (सेलच्या दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी दिलेल्या हवेची) नळी बघा. ती तुंबली किंवा सेलला चीर जाऊन फ्ल्यू गॅस (धूर) त्या बाजूला गेला की दोन बाजूंतला फरक घटतो आणि ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो.

७. उलट, ऑक्सिजन जवळजवळ शून्य दाखवतोय. सेल संपली का?

सेल संपल्यावर सहसा प्रतिसाद मंदावतो आणि स्पॅन गॅसवरही रीडिंग बसत नाही. स्पॅन गॅसवर ती बरोबर बोलत असेल तर धुरात न जळलेला सीओ आणि हायड्रोजन आहे. सेल लालबुंद असते. हे वायू तिच्यावर येऊन जळतात आणि जवळचा ऑक्सिजन खातात. ओला बगॅस (उसाचा चोथा) एकदम पडला, ग्रेटवर (जळणाच्या जाळीवर) ढीग साचला, की हे होतं. मीटर तिथे खरंच सांगत असतो.

८. चिमणीजवळचा झिरकोनिया ४.५ टक्के ऑक्सिजन दाखवतो, आमचा पोर्टेबल ६. खरा कोण?

दोन्ही. झिरकोनिया धूर वाफेसकट मोजतो, पोर्टेबल पाणी काढून टाकून मोजतो. बगॅसमध्ये निम्मं वजन पाण्याचं, त्यामुळे धुरात वाफ भरपूर. धुरात २५ टक्के वाफ धरली तर कोरड्या ६ टक्क्यांचे ओले ४.५ होतात: ६ गुणिले ०.७५. दोन्ही यंत्रं एकमेकांशी 'जुळवून' ठेवू नका, एक हमखास बिघडवाल. फरक याहून जास्त असेल तर पोर्टेबलच्या नळीतली गळती शोधा (प्रश्न १२).

९. मुंबईहून कॅलिब्रेट करून आलेलं यंत्र इथे उघड्या हवेत ऑक्सिजन २०.९ ऐवजी १९.६ टक्के दाखवतं. वाटेत आपटलं का?

शक्यता कमी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. पॅरामॅग्नेटिक आणि इन्फ्रारेड बेंच दाबाच्या प्रमाणात वाचतात. यंत्रात दाबाची भरपाई नसेल किंवा बंद असेल तर २०.९ चे १९.६ होतातच. इथल्या दाबाला पुन्हा कॅलिब्रेट करा. झिरकोनियात दोन्ही बाजूंचा दाब सारखाच घटतो, त्याला फरक पडत नाही. बारीक छिद्रातून गॅस घेणाऱ्या इलेक्ट्रोकेमिकल सेललाही फारसा नाही. असा सेल हवेत १९.६ दाखवत असेल तर तो खरोखर म्हातारा होतोय.

१०. रीडिंग नाचतं. भट्टी चालू झाली की जास्तच. सेन्सर लूज असेल का?

इंडक्शन फर्नेस, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) किंवा वेल्डिंग यांच्या वेळेशी नाचणं जुळत असेल तर तो गॅसचा बदल नव्हे, विजेचा गोंगाट. खात्री करायला सिग्नलच्या जागी मिलिव्होल्ट सोर्स किंवा साधा रेझिस्टर जोडा. सेन्सर काढलेला असतानाही आकडा नाचला, तर सेन्सर निर्दोष सुटला.

मग केबलच्या मार्गाने चालत जा, अक्षरशः. ट्रे उघडा. मिलिव्होल्टची केबल व्हीएफडीच्या केबलला लगटून गेलेली असेल तर वेगळी काढा. ओलांडावीच लागली तर काटकोनात. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करा. दोन्ही टोकांना केली की दोन अर्थमधल्या फरकाने शील्डमधूनच प्रवाह वाहतो आणि संरक्षण करणारीच त्रास देते. कित्येकदा शील्ड दोन्हीकडे सुटलेलीच सापडते: पिळून, टेप गुंडाळून, ग्लँडमध्ये मागे सारलेली.

जंक्शन बॉक्स उघडलात की टर्मिनलचा रंग बघा. बगॅसची बारीक राख आणि पावसाची ओल एकत्र आली की तांब्यावर हिरवट बुरा चढतो, स्क्रू घट्ट असला तरी. अशा टर्मिनलवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि दुसऱ्या माणसाला डिस्प्लेकडे बघायला सांगा. आकडा उडाला, की जागा सापडली. वायर कापून नवं तांबं काढा, नवीन लग दाबा. नुसतं कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून भागवलं तर पंधरवड्यात पुन्हा तेच.

एवढं करूनही राहिलं तर ४-२० लूपमध्ये (रीडिंग ४ ते २० मिलिॲम्पियरने नेणाऱ्या तारांत) आयसोलेटर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं यंत्र) टाका. आधी टाकू नका, मूळ दोष झाकला जातो.

११. ॲनालायझरवर ऑक्सिजन ६ टक्के, कंट्रोल रूममध्ये ५. कुणाचं ऐकायचं?

लूपमध्ये मिलिॲमीटर सिरीजला लावा. ० ते २५ टक्क्यांच्या रेंजला ६ म्हणजे ७.८४ मिलिॲम्पियर. तेवढे येत असतील तर ॲनालायझर आणि वायर दोन्ही सुटले. पीएलसीत (नियंत्रण करणाऱ्या संगणकात) रेंज ० ते २१ भरलेली असेल, त्या हिशेबाने ५.०४ टक्के येतात. ही भानगड बहुधा कार्ड बदलल्यानंतर सुरू होते. प्रवाह ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर असेल तर ते रीडिंग नव्हे, ॲनालायझर 'मी बिघडलोय' असं सांगतोय. कंट्रोल रूममध्ये त्याचं 'ऑक्सिजन शून्य' होऊ नये अशी सोय पीएलसीत करून घ्या.

१२. सीओटू कमी आणि ऑक्सिजन जास्त, असं दोन्ही एकदम झालं. दोन सेन्सर एकाच वेळी कसे बिघडले?

बिघडले नाहीत, हवा मिसळतेय. बगॅस पूर्ण जळत असेल तर कोरड्या धुरात ऑक्सिजन आणि सीओटू यांची बेरीज साधारण २० च्या घरात राहते: ५ आणि १५, ८ आणि १२. हवा कुठेही मिसळली तरी बेरीज फारशी हलत नाही, फक्त वाटणी बदलते. बेरीज १५ वर आली तर मात्र एखादा सेन्सर खरंच चुकतोय, किंवा सीओ खूप आहे. डिझेल-गॅसला ही बेरीज लागू नाही.

गळती शोधायची सोपी रीत: प्रोबकडची नळी चिमटीत दाबून बंद करा आणि फ्लोमीटरकडे बघा. गोळी तळाला जाऊन बसली पाहिजे. तरंगत राहिली, तर मधूनच कुठूनतरी हवा येतेय. फिल्टरच्या वाटीची ओ-रिंग पहिल्यांदा बघा.

१३. दुपारनंतर सीओ आणि एसओटूची रीडिंग भरकटतात, सकाळी ठीक असतात.

कूलर दमतोय. तो गॅस चार-पाच अंशांपर्यंत गार करून पाणी काढतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात राखेने भरलेल्या जाळीतून त्याला ते जमत नाही. कूलरनंतरची पारदर्शक नळी उजेडात धरा. आत थेंब दिसला तर पुढचं यंत्र लगेच थांबवा. वाफ सीओच्या रीडिंगमध्ये भर घालते, आणि एसओटू पाण्यात विरघळून आधीच कमी होतो, म्हणजे एक चढतं नि दुसरं पडतं. पाणी बेंचपर्यंत पोचलं तर खिडकीवर डाग पडतात आणि मग शून्यच बसत नाही. कूलरची जाळी साफ करा, ड्रेनचा पेरिस्टाल्टिक (नळी दाबत पाणी ढकलणारा) पंप फिरतोय का बघा. त्याची नळी चपटी होऊन चिकटते.

१४. पोर्टेबलची सीओ सेल ताज्या हवेत उणे दाखवते, किंवा खाली यायला फार वेळ घेते.

उणे दाखवणं बहुधा शून्य चुकीच्या जागी घेतल्यामुळे: भट्टीशेजारी यंत्र चालू केलं, तिथल्या सीओलाच त्याने शून्य मानलं. बाहेर मोकळ्यावर जाऊन पुन्हा चालू करा. खाली यायला वेळ लागत असेल तर सेलला क्षमतेबाहेर गॅस मिळालाय. बराच वेळ ताजी हवा खेचू द्या. हायड्रोजनला ही सेल सीओसारखाच प्रतिसाद देते, म्हणून गुदमरलेल्या आगीत सीओ आहे त्याहून जास्त दिसतो. भरपाई असलेली सेल घेणं हाच उपाय.

एक अपवाद लक्षात ठेवा. सीओ सेल ठेवून देताना तिच्या पिनांवर शॉर्टिंग स्प्रिंग (पिना एकमेकींना जोडणारी) लावतात, पण एनओ (नायट्रिक ऑक्साइड) सेलला सतत बायस (बॅटरीचं ठरावीक व्होल्टेज) लागतो, तिला स्प्रिंग लावायची नसते. बॅटरी पूर्ण उतरून बायस गेला असेल तर चार्ज केल्यावर लगेच मोजू नका. सेल स्थिरावायला एक दिवस द्या.

१५. गाळप संपल्यावर झिरकोनियाचा हीटर बंद करावा का?

डक्टमध्येच राहणार असेल तर बॉयलर थंड होऊन आतला धूर निघून जाईपर्यंत चालू ठेवा. गार सेलवर आम्लाचं पाणी साचतं. महिनोन् महिने बंद राहणार असेल तर प्रोब काढा, कोरडा करा, पिशवीत बंद करून ठेवा. डक्ट धुताना आत गरम प्रोब कधीही असू देऊ नका, पाण्याचा एक फवारा सेल तडकवायला पुरतो.

१६. पुराच्या पाण्यात पॅनेल बुडालं. वाळवून चालू करू का?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न पंचगंगेच्या काठचे लोक दर पावसाळ्यात विचारतात. वाळल्यासारखं दिसलं म्हणून पुरवठा देऊ नका. बॅटरी आधी काढा. चिखल वाळण्याआधी कार्डं स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि पन्नास-साठ अंशांवर सावकाश वाळवा. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरला मेगर. इलेक्ट्रोकेमिकल सेल टाकून द्या. इन्फ्रारेड बेंच स्वतः उघडू नका, तो कंपनीकडेच द्या. गॅसच्या नळ्या सरसकट बदला. गाळाचा एक कण पुढे जाऊन बसला की वर्षभर छळतो.

१७. सगळं तपासलं, ॲनालायझर निर्दोष आहे, पण बॉयलरवाले मानत नाहीत. 'तुझं मीटरच जास्त ऑक्सिजन दाखवतं' म्हणतात.

स्पॅन गॅस कॅबिनेटमागे नव्हे, प्रोबच्या तोंडाशी सोडा आणि त्यांच्यासमोर सोडा. टाकीच्या प्रमाणपत्रावरचा आकडा आणि मुदत त्यांनाच वाचू द्या. मग पोर्टेबल घेऊन एअर हीटरच्या (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या भागाच्या) आधी आणि नंतर, एकामागोमाग एक ऑक्सिजन मोजा. पुढे रीडिंग दीड-दोन टक्क्यांनी वाढलेलं निघालं तर एअर हीटरच्या नळ्या फुटल्या आहेत आणि एफडी फॅनची (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याची) हवा भट्टीऐवजी थेट चिमणीकडे पळतेय. आधीच्या जागीही जास्त असेल तर भट्टीची दारं, बगॅस फीडरचे सील, इकॉनॉमायझरचं (धुराने पाणी तापवणाऱ्या भागाचं) केसिंग बघायला सांगा. रात्रीच्या शिफ्टला टॉर्च आणि थोडा धूर घेऊन फिरलं की धूर कुठे आत ओढला जातो ते स्पष्ट दिसतं.